आधी शिफ्ट सांगा

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा एक फॉर्म येतो. ‘आपण आपल्या कामाबाबत कितपत समाधानी आहात?’ हा पहिला प्रश्न. पुढे एक ते पाच आकडे, पटेल त्याला गोल करायचा. मग वरिष्ठांची वागणूक, कॅन्टीनचं जेवण, सुरक्षिततेची साधनं, बढतीची संधी अशी लांबलचक यादी. नाव लिहायचं नाही, विभाग लिहायचा. एचआरचा मुलगा बिचारा चांगला आहे. पुण्याहून आलाय, कोकणातल्या लोट्याच्या हवेची अजून सवय व्हायची आहे. तो गठ्ठा घेऊन प्लँटभर फिरतो आणि जो जिथे सापडेल त्याच्याकडून तिथेच भरून घेतो.

एका वर्षी तो नाइट सुटायच्या वेळेला गेटपाशी उभा राहिला. बस लागलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, पाऊस चालू. लोकांनी बसच्या पत्र्यावर कागद धरून खटाखट ‘एक’ला गोल केले आणि खिडकी पकडली. पुढच्या वर्षी कोणीतरी सुचवलं म्हणून फॉर्म सेकंड शिफ्टला, चारच्या चहाबरोबर वाटले. त्या वर्षी आम्ही सगळे म्हणे फारच समाधानी निघालो. मधल्या काळात ना पगार वाढला होता, ना कॅन्टीनची डाळ घट्ट झाली होती.

फॉर्मवर विभाग विचारतात, वय विचारतात, नोकरीची वर्षं विचारतात. सध्या कुठली शिफ्ट चालू आहे, एवढं मात्र विचारत नाहीत.

चिपळूणहून परशुराम घाट चढून वर आलं की लोटे परशुराम एमआयडीसी लागते. तालुका खेड. केमिकलच्या कंपन्या, म्हणजे चोवीस तास चालणारं काम. रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच पडली की ती रात्र झाली म्हणून थांबत नाही. मी इथे मालाचा दर्जा तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये शिफ्ट केमिस्ट म्हणून उमेदीची वर्षं काढली. सात ते तीन फर्स्ट, तीन ते अकरा सेकंड, अकरा ते सात नाइट. दर आठवड्याला बदल. आता मी जनरलला, कायमच्या दिवसपाळीला आहे, म्हणजे माणसांत आलो असं घरचे म्हणतात. पण तिन्ही शिफ्टमध्ये राहिल्यामुळे एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. गेटवर पाटी एक असली तरी आत तीन वेगवेगळ्या कंपन्या चालतात. आपण नक्की कुठल्या कंपनीबद्दल बोलतोय, हे ठरल्याशिवाय ‘नोकरी कशी काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही.

फर्स्ट शिफ्टची कंपनी साहेबांची. नऊ वाजले की फोन सुरू. ‘कालच्या बॅचचा रिपोर्ट?’, ‘डिस्पॅच थांबलाय’, ‘ऑडिटवाले आलेत, एप्रन बदला’. काम तेच, पण प्रत्येक कामावर कोणाची तरी नजर. ज्याला दिसायचं आहे, बढती हवी आहे, त्याला फर्स्ट बरी वाटते. ज्याला नुसतं काम करायचं आहे, तो सेकंडची वाट बघतो.

सेकंडबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तीच तिची अडचण आहे. पोरं शाळेतून येतात तेव्हा तुम्ही निघून गेलेले असता, आणि तुम्ही पोचता तेव्हा ती झोपलेली असतात. माझी मुलगी लहान असताना एका आठवड्याला ‘बाबा गावाला गेलेत’ म्हणून शेजारी सांगत होती.

नाइटची गोष्ट निराळी. नाइटला प्लँट आपला असतो.

जुलै महिन्यातली नाइट डोळ्यांसमोर आणा. तीनच्या सुमाराला ऑपरेटर सँपल घेऊन लॅबमध्ये येतो. बाटली रुमालात धरलेली, गमबुटात पाणी चपचपतंय. ड्रायरमधल्या मालाचा ओलावा बघायचा आहे. त्याला कार्ल फिशरचं मशीन असतं. पण जुलैत कोकणातली हवा अशी असते की मशीनचा ड्रिफ्टच, म्हणजे सँपल टाकायच्या आधीच त्याला दिसणारा ओलावा, खाली यायला तयार नसतो. बाहेरचा दमटपणा झाकणाच्या फटीतून, नळीच्या जोडातून आत शिरतो आणि मशीन बापडं तोही ओलावा मोजत बसतं. हवेच्या वाटेत ओलावा शोषणारी मॉलिक्युलर सीव्ह भरलेली असते, ती संध्याकाळी बदलली की नाही ते लॉगबुकात लिहिलेलं नाही. मग ती बदला, जोड घट्ट करा, ड्रिफ्ट खाली येईपर्यंत थांबा. ऑपरेटर स्टुलावर टेकतो आणि बसल्या बसल्या डोळे मिटतो. शेवटी आकडा येतो, तो नेमका हद्दीच्या किंचित वर. आता एक तर ड्रायर आणखी दोन तास चालवायचा, म्हणजे पॅकिंगवाले सकाळी हात चोळत बसणार. नाही तर झोपलेल्या साहेबांना उठवायचं. उठवलं तर साहेब फोनवर जांभई देत विचारतात, ‘तुला काय वाटतं?’

दिवसा हा प्रश्न मला कोणी विचारलेला आठवत नाही.

म्हणून बरेच जुने लोक नाइटला तोंडाने शिव्या देतात आणि मनातून मान देतात. मेंटेनन्सचा फिटर दिवसा चार जणांच्या सह्या झाल्याशिवाय पाना उचलत नाही. रात्री सेफ्टीचं परमिट तेवढं सोडायचं नाही, बाकी तोच पंपाचं निदान करतो आणि तोच तो सुरू करून दाखवतो. कॅन्टीनचा पोऱ्या रात्री एकच्या चहाला कोणाला किती साखर ते न विचारता देतो. हुद्दे जरा सैल होतात. शिफ्ट इनचार्ज आपल्या डब्यातली सुकटीची चटणी कंत्राटी कामगाराच्या भाकरीवर वाढतो. हे दृश्य दुपारी एकच्या कॅन्टीनमध्ये मी पाहिलेलं नाही.

शरीराला मात्र ही बढती मान्य नसते. पहाटे तीन ते पाच हा काळ वाईट. अंगातली ऊब उतरते, डोळ्यांपुढचा आकडा दोनदा वाचावा लागतो. शरीराच्या आतलं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, 2017 चं नोबेल मिळालं. त्या घड्याळाला रोस्टर कळत नाही, त्याला उजेड कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. आणि आमच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये तीन नावं दर वर्षी पडद्यावर येतात. थ्री माइल आयलंड, 1979, पहाटे चार. भोपाळ, 1984, मध्यरात्रीनंतर. चेर्नोबिल, 1986, रात्री दीड वाजायच्या आत. तिन्हीची कारणं वेगवेगळी आणि खोल आहेत. नुसत्या डुलकीवर ढकलणं म्हणजे वरच्यांना मोकळं सोडणं. पण ते स्लाइड बघताना नाइटची माणसं एकमेकांकडे बघतात, एवढं खरं.

आता चार्ज देण्याघेण्याबद्दल. शिफ्ट बदलताना रिलीव्हर येतो, त्याला चालू बॅचची हकिकत सांगायची, लॉगबुकात सही करायची आणि सुटायचं. कागदावर पंधरा मिनिटांचं काम. प्रत्यक्षात बस सुटायची घाई असते आणि लॉगबुकात लिहिलेलं असतं, ‘बॅच चालू. सर्व ठीक.’ त्या ‘सर्व ठीक’मध्ये गळणारा गास्केट असतो, अर्धवट धुतलेला सेंट्रिफ्यूज असतो, संपलेलं रीएजंट असतं. मग येणारा कपाळावर हात मारून म्हणतो, ‘ह्या मागच्या शिफ्टवाल्यांनी…’ मजा अशी की प्रत्येक शिफ्टला मागची शिफ्ट असतेच. फर्स्टवाले नाइटवाल्यांना झोपाळू म्हणतात, नाइटवाले सेकंडला आळशी म्हणतात, सेकंडवाले फर्स्टला साहेबांचे चमचे म्हणतात. रोस्टर फिरलं की तीच माणसं तेच आरोप उलट्या दिशेने करतात.

हा कोकणी स्वभाव आहे असं मला पूर्वी वाटायचं, कारण भावकीतही आमचं असंच चालतं. पुढे वाचनात आलं की ब्रिटनच्या कोळसा खाणींमध्ये हेच झालं होतं. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ या दोघांचा 1951 चा अभ्यास आहे. बॅमफर्थ स्वतः आधी खाणीत राबलेला. पूर्वी तिथे दोन-चार जणांची जोडगोळी कोळसा तोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं काम स्वतः करायची. मग यंत्रं आली, लांबच लांब भिंत एकदम फोडायची पद्धत आली आणि कामाचे तीन तुकडे होऊन ते तीन पाळ्यांना वाटले गेले. एका पाळीने कोळशाच्या थराखाली काप घ्यायचा, दुसरीने कन्व्हेयर पुढे सरकवायचा, तिसरीने भरायचं. एकीने काम कच्चं ठेवलं की ते पुढचीच्या उरावर. पाळ्यांची एकमेकांशी भेट नाही, बोलणं नाही. दोषारोप वाढले, खाडे वाढले, आणि यंत्रं येऊनही कोळसा म्हणावा तसा वाढेना. माणसं तीच, खाण तीच, कामाची वाटणी तेवढी बदललेली.

ते वाचल्यावर मी आमच्या लॅबमध्ये एवढंच केलं की चार्ज घेणाऱ्याने मशीनपाशी उभं राहून एक स्टँडर्ड, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, चालवून बघायचं, आणि देणाऱ्याने तोवर थांबायचं. बसवाल्या मंडळींनी माझ्या नावाने खूप बोटं मोडली.

वेळेइतकीच जागा बोलते. पोफळीला कोयना प्रकल्पाचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. बोगद्यातून आत जायचं आणि खाली काम करायचं. आत दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा सारखेच. तिथे नोकरी केलेले एक शेजारी सांगतात की शिफ्ट संपवून बोगद्याबाहेर आलं की पहिली नजर आभाळाकडे जायची, बाहेर पाऊस आहे की ऊन ते कळायला. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॉट, आणि पाण्याची वीज हवी तेव्हा चटकन सुरू करता येते, म्हणून मागणी चढली की यांची धावपळ. संध्याकाळी महाराष्ट्र घरी येऊन दिवे, टीव्ही, मिक्सर लावतो तेव्हा डोंगराच्या पोटात मशीनं वेग घेतात. ‘लोक आरामात बसले की आम्ही उभे राहायचो,’ असं ते म्हणतात. तक्रारीच्या सुरात नाही. त्या नोकरीचा त्यांना अजून अभिमान आहे. वीजघर बघायला पाहुणे आले की तेच पुढे होऊन माहिती सांगायचे.

याच्या बरोबर उलटी जागा कोकण रेल्वेच्या पेट्रोलमनची. पावसाळ्यात रात्रभर रुळांवरून चालायचं. डोक्यावर प्लॅस्टिक, हातात बत्ती, पाठीला पिशवी. पिशवीत रुळावर लावून गाडीला इशारा द्यायचे फटाके. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले आणि गाड्या घसरल्या, माणसं गेली. त्यानंतर डोंगर कापून रूळ नेलेत त्या कटिंगच्या कडा उतरत्या केल्या, जाळ्या लावल्या, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवला. तरी धोक्याच्या कटिंगपाशी माणूस लागतोच. माझ्या ओळखीतला एक मुलगा हे काम करतो. आभाळ, साप, वारा, चिखल सगळं त्याच्या अंगावर. मी विचारलं, कंटाळा येत नाही? तो म्हणाला, ‘गाडी समोरून गेली ना काका, का डब्यातली लाइट मोजतो. सगली झोपलेली. बरा वाटता.’ आमच्या एसी कंट्रोल रूममध्ये, जिथे स्क्रीनवर हिरवे-लाल ठिपके बघायचे आणि माउस फिरवायचा, तिथल्या माणसाला ‘बरं वाटतं’ म्हणताना मी ऐकलेलं नाही.

कंट्रोल रूमचीच गोष्ट घ्या. आमचे अण्णा म्हणजे प्लँटवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. पाइपाला हात लावून आत काय चाललंय ते सांगायचे. स्टिररचा आवाज बदलला की लॉगबुक बाजूला ठेवून उठायचे. डीसीएस, म्हणजे स्क्रीनवरून प्लँट चालवायची यंत्रणा, आल्यावर त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. पगार वाढला, उन्हाघामातून सुटका झाली, खुर्ची फिरती मिळाली. सहा महिन्यांत अण्णा पाठदुखी आणि डोकेदुखी सांगायला लागले. डॉक्टरला काही सापडेना. मग ते तासाभराने ‘जरा बघून येतो’ म्हणून खाली जायला लागले आणि दुखणं कमी झालं. साहेबांना वाटलं अण्णा टाइमपास करतात. मला वाटतं, अण्णांना प्लँट डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपण काम करतोय असं वाटतच नव्हतं.

आणि त्याच काचेच्या खोलीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम भरणारी कंत्राटी मुलं आहेत. मे महिन्यात पत्रा तापतो, अंगावर सूट, तोंडावर मास्क. त्यांना विचारलं तर ती म्हणतील, एसीत डोकं दुखतं म्हणे! जागेबद्दलचं आपलं मत बरंचसं शेजारची जागा बघून ठरतं.

वेळ आणि जागा यांचा सगळ्यात जुना हिशोब किनाऱ्यावरच्या लोकांचा. भरती रोज पन्नास-एक मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हे आमच्याकडे शाळा न शिकलेल्या बाईलाही येतं. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. बंदराच्या तोंडाशी वाळू साचलेली असेल तर पाणी चढल्याशिवाय होडी आत-बाहेर होत नाही. म्हणजे आज पहाटे चारला निघायचं असेल तर आठवड्याभरात निघायची वेळ कुठच्या कुठे गेलेली असते. आमच्या कुठल्याही रोस्टरपेक्षा हे रोस्टर वेडंवाकडं आहे. पण त्याबद्दल चंद्राला कोणी शिव्या देत नाही. उधाणाची मोठी भरती असो की भांगाची लहान, ते कोणा साहेबाने ठरवलेलं नसतं आणि ते सगळ्या कोळीवाड्याला एकदम लागू असतं. होडी रात्री दोनला येणार असेल तर लिलावाला बायका जाग्या, टोपल्या जाग्या, बर्फवाला जागा, चहाची टपरी जागी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तर सगळ्याच यांत्रिक होड्यांची बंद.

मात्र हे चित्र फार रंगवायला नको. मोठ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून आता नेपाळची पोरं असतात. त्यांची होडी नाही, त्यांचा कोळीवाडा नाही. त्यांना तीच भरती रात्री दोनला उठवते आणि त्यांचं म्हणणं आमच्या नाइटवाल्यांसारखंच असतं. समुद्र सगळ्यांना सारखा असला तरी होडीचा मालक सगळ्यांना सारखा नसतो.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, तेही रात्रपाळी करायचे. चाळीतल्या खोलीत गावातलीच माणसं. दिवसपाळीचे गेले की त्यांच्या जागेवर रात्रपाळीचे पथारी टाकायचे. एवढ्या अडचणीत राहूनही आजोबांच्या तोंडून रात्रपाळीची तक्रार आम्ही ऐकली नाही. भोंगा वाजला की अख्खं गिरणगाव हलायचं. खानावळवालीचं जेवण पाळीप्रमाणे, भजनाची बारी पाळीप्रमाणे, गणपतीतली आरतीसुद्धा पाळी बघून. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला आहे हे चाळीतल्या पोरांनाही माहीत होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच बंद पडल्या. आजोबा गावाला आले. तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त कसली आठवण यायची, तर भोंग्याची.

आमच्या वाडीत भोंगा नाही. आमच्या वाडीत नाइट करणारे दोन-तीनच जण. बाकी वाडी आपल्या वेळेने चालते. नाइट करून सकाळी आठला मी डोळे मिटायचो तेव्हा शेजारी चिरे फोडायला सुरुवात व्हायची, नऊला मासेवाली ओरडायची, दहाला कोणीतरी ‘अजून झोपलाय?’ असं दारात उभं राहून विचारायचं. शिमग्याला पालखी घरी येते ती देवाच्या वेळेने. तेव्हा घरचा कर्ता माणूस नाइट करून आत घोरत असेल तर मानकऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. झोपेची उधारी ऑफच्या दिवशी फेडता येते. बारसं, दहावा, साखरपुडा, भजन यांत दर वेळी ‘याची शिफ्ट आहे’ म्हणून आपलं नाव गाळलं जातं, ती उधारी फिटत नाही. नोकरी नको वाटायला लागते ती बहुतेक अशा जागी. एचआरच्या फॉर्ममध्ये पालखीचा रकाना नसतो.

एसटीची वस्तीची गाडी आठवते? रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथेच मुक्काम, पहाटे परत. चालक-वाहक गाडीत नाही तर देवळात झोपायचे. नोकरी म्हणून बघितलं तर घरापासून दूर, डास, बाकड्यावरची झोप. पण कित्येक चालक-वाहक वस्तीची ड्यूटी मागून घ्यायचे. कारण गावात त्यांना कोणाकडून तरी भाकरी यायची, पहाटे चहा यायचा, आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना ठाऊक असायचं. ज्या गावात रस्ता संपतो त्या गावाने त्यांना आपल्या वेळेत घेतलं होतं.

हे सगळं मी पुरुषाच्या बाजूने लिहितोय, हे बायको शेजारून सांगते आहे. ती नर्स आहे. तिच्या नाइटमध्ये वॉर्डातला उजेड, बेल, सलाइन, आणि नातेवाइकांचे ‘सिस्टर, सिस्टर’. सकाळी घरी आल्यावर मी नाइट करून आलो की दार लोटून घेतलं जायचं, ती नाइट करून आली की गॅस पेटवला जायचा. तिच्या मते कामाचा कंटाळा येतो असं म्हणणं ही चैन आहे. ‘मला वॉर्डात कधी कंटाळा आला नाही. कंटाळा येतो तो पायऱ्या चढून घराशी आल्यावर, कारण पुढची शिफ्ट तिथे उभी असते आणि तिला रिलीव्हर नाही.’ 1948 च्या कारखाने कायद्याने बायकांना कारखान्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामाला मनाई केली होती. हॉस्पिटलं कारखाने नव्हती. तिथे बायका रात्री जागल्या तर कोणाला वावगं वाटलं नाही.

22 जुलै 2021 ची गोष्ट सांगायलाच हवी. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्या दिवशी फर्स्टची बस आलीच नाही. नाइटवाले आत अडकले, रिलीव्हर पाण्यात. रिअ‍ॅक्टरमधली बॅच सोडून जाता येत नाही. आधी ती थंड करून सुरक्षित टप्प्यावर आणायची, मग बाकीचं. फोन लागत नव्हते. कोणाचं घर पाण्याखाली आहे, कोणाची आई माळ्यावर आहे, काही कळत नव्हतं. त्यात माणसं डबलवर डबल करत राहिली. कॅन्टीनमध्ये होता तो तांदूळ आणि डाळ. साहेब आणि हेल्पर एकाच सतरंजीवर पाळीपाळीने आडवे. कोणी कोणाला मागच्या शिफ्टवरून बोललं नाही, कारण मागची शिफ्ट आणि पुढची शिफ्ट तीच होती.

पाणी ओसरल्यावर घरी जाऊन पाहिलं तेव्हा कित्येकांचं होतं नव्हतं ते चिखलात गेलेलं होतं. तरी आज तीच माणसं नाक्यावर बसली की त्या दिवसांबद्दल बोलतात, आणि बोलताना त्यांच्या आवाजात काहीतरी असतं. जे लोक एरवी बस दहा मिनिटं उशिरा आली तर मॅनेजमेंटचा उद्धार करतात, ते. मला याची उपपत्ती नीट लावता येत नाही. पुराचं कौतुक मुळीच नाही. पण त्या वेळी प्रत्येकाला आपण इथे का आहोत ते माहीत होतं, एवढं दिसतं. पुढच्याच उन्हाळ्यात चौपदरीकरणासाठी परशुराम घाट दुपारी काही तास बंद ठेवायला लागले, आणि सेकंडच्या बसची वेळ नेमकी त्यातच सापडली. हलक्या गाड्या चिरणीवरून वळसा घालून जायच्या. तेव्हा मात्र तीच माणसं तासभर उशिरावरून हमरीतुमरीवर आली. तेही खरं आणि हेही खरं.

सध्या कंपनीत रोस्टर बदलायची चर्चा चालू आहे. सल्लागार आले होते. त्यांनी सांगितलं, आठवडाभर नाइट वाईट. त्यापेक्षा दोन दिवस फर्स्ट, दोन दिवस सेकंड, दोन दिवस नाइट, मग सुट्टी. पुढच्या दिशेने फिरत गेलं की शरीराला सोपं जातं. शास्त्राच्या बाजूने त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः वाचून त्यांच्या बाजूने मान डोलावली. तरुण पोरं तयार झाली, त्यांना सुट्ट्या सलग दिसत होत्या. जुने उठले आणि एकेकाने आपलं सांगितलं. लावणीच्या आठवड्यात नाइट असली की दिवसा दोन-तीन तास झोपून शेतात उतरता येतं. दोन-दोन दिवसांत शिफ्ट फिरली तर गडी कुठले सांगायचे? आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात तेव्हा सेकंड लागते. पोराला क्लासला सोडायचं तर अमुक. म्हाताऱ्याला डायलिसिसला न्यायचं तर तमुक.

सल्लागारांनी हे सगळं लिहून घेतलं की नाही, मी पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, ‘पण झोपेचं काय?’ अण्णा म्हणाले, ‘साहेब, झोपेचं आम्ही बघू. तुम्ही आम्हाला गणपतीचं रोस्टर मे महिन्यात द्या.’

गणपतीचं रोस्टर या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात लागलं. दोन-दोन दिवसांचा प्रयोग पॅकिंग विभागापुरता, लावणी झाल्यावर करून बघायचा ठरलाय. फॉर्म ऑगस्टमध्ये येईल. एचआरच्या मुलाला मी सांगून ठेवलंय, वरच्या कोपऱ्यात शिफ्ट लिहायला एक चौकोन टाक म्हणून.